सहा क्लब खेळलेला बचावपटू

प्रश्न : मेक्सिकोचा सेंटर-बॅक, म्हणजे मधला बचावपटू, फ्रान्सिस्को रॉड्रिगेझ ग्वादलाहारा, पीएसव्ही आइंडहोवन, श्टुटगार्ट, क्लब अमेरिका, क्रुझ आझूल आणि लोबोस बुआप असे सहा क्लब फिरला. तो कुठे टिकलाच नाही, असं म्हणायचं का?

मुळीच नाही. २००६, २०१० आणि २०१४ अशा तिन्ही विश्वचषकांच्या संघात तो होता. २०१४मध्ये प्रशिक्षक मिगेल एर्रेरांच्या पाच जणांच्या बचावफळीत तो मार्केझ आणि मोरेनो यांच्या बरोबरीने उभा राहिला. ग्वादलाहाराकडून २००६चं आपेर्तुरा आणि अमेरिकाकडून २०१३चं क्लाउसुरा (मेक्सिकन लीगच्या वर्षातल्या दोन स्पर्धा) विजेतेपदही त्याच्या नावावर आहे. अशा खेळाडूचे क्लब मोजण्यापेक्षा मिनिटं मोजावीत. मेक्सिकोत एका स्पर्धेच्या साखळी फेरीत १७ सामने, म्हणजे १,५३० मिनिटं होतात. दुखापत किंवा निलंबन नसताना बचावपटू लागोपाठ दोन स्पर्धांत निम्म्याही मिनिटांपर्यंत पोचत नसेल, तरच काळजी करावी.

प्रश्न : पण तिथले खेळाडू इतके फिरतात कशामुळे?

वर्षाला दोन स्पर्धा होतात, जुलैपासून आपेर्तुरा आणि जानेवारीपासून क्लाउसुरा. पाच-सहा निकाल बिघडले की प्रशिक्षक जातो, नवा येतो तो आपल्या पसंतीचे बचावपटू मागतो आणि आधीचे लोनवर, म्हणजे ठराविक काळापुरते दुसऱ्या क्लबकडे, निघतात. त्यातच क्लबांमध्ये अनेक वर्षं एक अलिखित करार होता. खेळाडूचा करार संपला तरी जुन्या क्लबच्या संमतीशिवाय दुसरा क्लब त्याला घेत नसे. हा उघड अन्याय होता. २०२१मध्ये बाजारातली संगनमतं रोखणाऱ्या तिथल्या स्पर्धा आयोगाने १७ क्लब, फुटबॉल महासंघ आणि आठ व्यक्तींना मिळून १७ कोटी ७६ लाख पेसोंचा दंड ठोठावला. त्यामागचं एक कारण हेच होतं. दुसरं, महिला खेळाडूंच्या पगारावर संगनमताने घातलेली मर्यादा.

प्रश्न : नव्याने वर चढलेला क्लब तिशी ओलांडलेल्या बचावपटूला का घ्यायचा?

याचं उत्तर पदावनतीच्या, म्हणजे गुणांची सरासरी सर्वांत कमी असलेल्या क्लबला खालच्या लीगमध्ये पाठवण्याच्या, गणितात आहे. लीगमध्ये आधीपासून असलेल्या जुन्या क्लबचे तीन वर्षांचे गुण १०२ सामन्यांनी भागले जात. नव्याचे पहिल्या वर्षी फक्त ३४ने. शेवटच्या मिनिटाला गोल खाऊन विजयाची बरोबरी झाली की दोन गुण जायचे. जुन्याची सरासरी त्याने ०.०२ने घसरायची, नव्याची ०.०६ने, म्हणजे तिप्पट. म्हणून ऐंशीव्या मिनिटानंतर फळी हलू न देणारा, कॉर्नरला कोण कोणाला धरणार हे ओरडून सांगणारा माणूस नव्या क्लबला लागायचा. तरीही काही वेळा निभावत नसे. लोबोस बुआप २०१७मध्ये वर आला आणि २०१८मध्ये तळाला गेला. वर येणारा काफेतालेरोस हा क्लब पात्रतेच्या अटी पूर्ण करत नसल्याने लोबोसला १२ कोटी पेसो भरून जागा राखता आली. २०२०मध्ये पदावनतीच थांबवली गेली आणि अशा अनुभवी खेळाडूंच्या मागणीमागचं एक मोठं कारण नाहीसं झालं.

प्रश्न : खेळाडूला घडवणाऱ्या छोट्या क्लबला काही मिळतं का?

करार चालू असताना परदेशी क्लबने पैसे मोजून घेतलं तर मिळतं. फिफाच्या नियमानुसार रकमेचे ५ टक्के प्रशिक्षण देणाऱ्या क्लबांत वाटले जातात : वयाच्या १२ ते १५ वर्षांसाठी दरवर्षी ०.२५ टक्के, १६ ते २३साठी ०.५ टक्के. सौदा २० लाख डॉलरचा आणि मुलगा १६ ते २० या पाच वर्षांत तुमच्याकडे असेल, तर ५० हजार डॉलर. करार संपून तो मोकळा गेला, तर या वाट्यातलं काहीच मिळत नाही. म्हणून क्लबने त्या प्रत्येक वर्षाची नोंदणीची कागदपत्रं जपून ठेवावीत आणि करार संपायच्या वर्षभर आधीच नूतनीकरणाचं बोलणं सुरू करावं.