लिनक्स टाकलं तर विंडोजचे स्टीम गेम चालतील का?

बहुतेक चालतात. २०१८ पासून स्टीममध्ये प्रोटॉन आहे; गेमने डायरेक्टएक्सला (विंडोजच्या ग्राफिक्स यंत्रणेला) दिलेले हुकूम ते व्हल्कनमध्ये, म्हणजे लिनक्सवरही चालणाऱ्या तशाच यंत्रणेच्या भाषेत, बदलून देतं. गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी. तिथे खूण करून प्रोटॉनची आवृत्ती निवडा.

हमखास फसायची जागा म्हणजे विंडोजच्या एनटीएफएस (विंडोजची फाइल-पद्धत) पार्टिशनवरची गेमची जुनी लायब्ररी तशीच जोडणं. प्ले दाबलं की बटण क्षणभर 'स्टॉप' होतं, परत 'प्ले'. एरर वगैरे काही नाही! प्रोटॉन 'सी:' नावाची लिंक बनवतं आणि नावातलं ते कोलन विंडोजला चालत नाही, त्यातून पार्टिशनमध्येही एरर येऊ शकतात. गेम लिनक्सच्या ईएक्सटी४ पार्टिशनवर टाका.

व्हॅलोरंट या गेमचा मात्र नाद सोडा. त्याचं अँटी-चीट (चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर) विंडोजच्या कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातच बसतं.