म्हापशाहून पणजीला पाठवलेला फोटो मुंबईला का जातो?

तुम्ही विचारलंय की म्हापशाहून पणजीतल्या मैत्रिणीला पाठवलेला फोटो मुंबईला जाऊन येतो हे खरं का, आणि त्याला वाट कोण दाखवतं. बहुतेक वेळा खरं आहे. मी फोंड्यात इंटरनेट जोडण्यांचं काम करतो, म्हणून सविस्तर सांगतो.

फोटो अखंड जातच नाही. 3 एमबीच्या फोटोची दोन हजारांवर तुकडे, म्हणजे पॅकेटं, होतात, एकेक जास्तीत जास्त 1500 बाइटचं. प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आकडी पत्ता, असतो. क्रमांकही असतो, त्यामुळे मागेपुढे पोचली तरी ती नीट लावता येतात.

आता वाट. पूर्ण नकाशा कुणाकडेच नसतो. पॅकेटं पुढे ढकलणाऱ्या यंत्राला, म्हणजे राउटरला, फक्त ‘या पत्त्यासाठी पुढे कुणाकडे द्यायचं’ एवढंच ठाऊक. पिनकोड आठवा. 403401 लिहिलेलं पत्र दिल्लीत आलं तर 403 बघून गोव्याकडे लावलं की झालं, फोंडा कुठं ते गोव्यातले बघतील. राउटरही पत्त्याचा सुरुवातीचा भागच जुळवतो, आणि तक्त्यातल्या दोन नोंदी जुळल्या तर जास्त लांब जुळणारी घेतो.

हा नियम किती महत्त्वाचा ते फेब्रुवारी 2008 मध्ये दिसलं. पाकिस्तान टेलिकॉमनं देशापुरतं यूट्यूब बंद करायला एक नोंद टाकली, ती बाहेर पसरली. यूट्यूबच्या स्वतःच्या नोंदीपेक्षा ती लांब जुळत होती, म्हणून जगभरची पॅकेटं तिकडे वळली आणि सुमारे दोन तास यूट्यूब बंद पडलं. ‘हे पत्ते माझ्याकडे आहेत’ असं कंपन्यांचे राउटर बीजीपी या ठरलेल्या भाषेतून एकमेकांना सांगतात, आणि अजूनही बरंचसं विश्वासावर चालतं. मला याची खरंच काळजी वाटते.

मुंबईच का? तुमची आणि मैत्रिणीची कंपनी वेगळी असेल तर त्यांची जाळी बहुधा तिथंच एकमेकांना भेटतात. शिवाय ॲपचा फोटो आधी त्यांच्या सर्व्हरवर जातो, आणि तो गोव्यात नसतो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे 600 किलोमीटरला 3 मिलिसेकंद. तुम्हाला कळणारही नाही.

स्वतः बघायचं तर विंडोजवर ट्रेसर्ट (tracert) ही पॅकेटची वाट दाखवणारी आज्ञा चालवा. प्रत्येक पॅकेटवर एक आकडा असतो, दर राउटर तो एकानं कमी करतो, शून्य झाला की पॅकेट टाकून देऊन तसं कळवतो. ट्रेसर्ट मुद्दाम 1, 2, 3 असे आकडे लावून एकेका राउटरला बोलतं करतं. पहिली ओळ घरच्या राउटरची, बहुधा 192.168 नं सुरू होणारी. मध्ये नुसत्या चांदण्या आल्या तर घाबरू नका, तो राउटर उत्तर देत नाही इतकंच.

गेल्या पावसात रस्ता खोदताना आमची मुंबईकडची फायबर तुटली. तेव्हा ट्रेसर्टमध्ये मुंबईच्या जागी बंगळूरचे राउटर आले, जाऊन यायला लागणाऱ्या 14 मिलिसेकंदांचे 41 झाले. ग्राहकांपैकी एकाचाही फोन आला नाही.