प्लंबिंगचा ठेका घेताना: वाचकांचे प्रश्न

नऊ वर्षं मिस्त्रीच्या हाताखाली काढली. आता स्वतःचा ठेका घ्यायचाय. आयटीआय करावंच लागेल का?

घरगुती कामाला प्रमाणपत्र कुणी विचारत नाही. पण शहरात नळजोडणीच्या अर्जावर परवानाधारक प्लंबरची सही मागतात. परवान्याच्या अटी जागोजागी वेगळ्या, म्हणून आधी तुमच्या पालिकेच्या पाणीपुरवठा विभागात चौकशी करा. आयटीआयचा प्लंबर ट्रेड एक वर्षाचा आहे. वय आड येत नसेल तर करून टाका.

बिल्डर म्हणतो, बाथरूममागे ठोक रक्कम घे. घेऊ का?

घ्या, पण ‘बाथरूम’ म्हणजे काय ते कागदावर येऊ द्या. पाइपासाठी भिंतीत झिरी (खाच) मारायची कुणी, बुजवायची कुणी? गीझरचा पॉइंट धरलाय का? खरी मेख सीपी फिटिंगमध्ये, म्हणजे शेवटी चकचकीत नळ वगैरे बसवण्यात असते. नळ-कमोड बसवायला सहा महिन्यांनी बोलावणं येतं, तोवर पोरांची मजुरी वाढलेली असते. म्हणून आतली लाइन आणि फिटिंग यांचे दर वेगळे लावा. पहिली दोन-तीन कामं माल बिल्डरचा, मजुरी आपली अशीच घ्या. मालात पैसा अडकला की पोरांची उचल द्यायलाही हात आखडतो.

टाइल बसल्यावर गळती निघाली, तर खर्च कुणाचा?

पुरावा नसेल तर तुमचा. सुरुवातीच्या एका कामात आरसा लावणाऱ्याचं ड्रिल पाइपात गेलं आणि चार टाइल मी भरून दिल्या, कारण लाइन धड होती हे दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. तेव्हापासून प्लास्टरआधी लाइनमध्ये पाणी भरून हातपंपाने प्रेशर टेस्ट घेतल्याशिवाय मी झिरी बुजवू देत नाही. टाकी दहा मीटर उंच असेल तर नळाशी साधारण एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला) प्रेशर येतं. टेस्ट त्याच्या किमान दीडपट घ्या. पाइप जोडायचं सॉल्व्हंट किती वेळ सुकू द्यायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, तेवढं थांबा. लाइनमधली हवा आधी काढा, नाहीतर प्रेशर दाखवणाऱ्या गेजचा काटा फसवतो. गेजचा फोटो घ्या, साइट इंजिनिअरची सही घ्या. प्रत्येक भिंतीचा मेजर टेप लावून फोटो काढा आणि एक प्रत घरमालकालाही द्या, म्हणजे ड्रिलवाल्याला आधी दिसेल.

जीएसटी लगेच घ्यावा का?

वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सहसा सक्ती नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, मात्र करा. ती फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. आणि बिलावर पॅन टाका. एकट्या ठेकेदाराचा टीडीएस (बिलातून आधीच कापला जाणारा आयकर) 1 टक्का कापतात, पॅन नसेल तर 20.