गराज सेलला परमिट लागतं का? आधी घर कुणाच्या हद्दीत आहे ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याला परत जायच्या आधी घरातलं सामान गराज सेलमध्ये, म्हणजे आपल्याच गराजमध्ये मांडून विकून, काढायचं आहे, पत्ता टेक्ससमधल्या डॅलसचा, ऑफिसातले म्हणतात परमिट लागतं आणि डॅलसजवळच्या सवाना वसाहतीतली मैत्रीण म्हणते काही लागत नाही. दोघंही बरोबर आहेत, आपापल्या घरापुरते.

गराज सेलचे नियम अमेरिकाभर एक नाहीत, ते शहर ठरवतं. आणि पत्त्यात जे शहर आपण लिहितो ती टपाल खात्याची सोय असते, हद्द नव्हे. तुमच्या मैत्रिणीचंच बघा. सवाना किंवा पलोमा क्रीकमधल्या लोकांच्या पत्त्यात ऑब्री नाहीतर लिटल एल्म असतं, पण ती घरं कुठल्याच शहराच्या हद्दीत नाहीत, थेट डेंटन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) येतात. टेक्ससमध्ये काउंटीला शहरासारखे स्वतःचे नियम करण्याचे सरसकट अधिकार नाहीत. राज्याने जेवढे दिले तेवढेच. म्हणून तिथे परमिट मागायला कुणी येत नाही. उलटही होतं. डॅलस शहराचा उत्तरेचा काही भाग कॉलिन काउंटीत आहे, आणि तिथली मंडळी 'आपण कॉलिनमध्ये, आपल्याला डॅलसचं काय' म्हणून निर्धास्त असतात. नियम त्यांना डॅलसचेच लागू.

खात्री करायची सोपी युक्ती सांगतो. काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या (करासाठी घरांची किंमत ठरवणाऱ्या कार्यालयाच्या) साइटवर स्वतःचं घर शोधा. प्रॉपर्टी टॅक्स कोणाकोणाला जातो त्याची यादी तिथे असते: काउंटी, स्कूल डिस्ट्रिक्ट, शहर. यादीत ज्या शहराचं नाव, त्याचे नियम तुम्हाला. शहराचं नावच नसेल तर तुम्ही हद्दीबाहेर.

तुमच्या यादीत डॅलस असेल असं धरून चालतो. मग परमिट हवं, ते सेलच्या आधी काढायचं. एका घरी 12 महिन्यांत 2 सेल, आणि एक सेल सलग 3 दिवसांच्या वर नाही. शुक्रवार ते रविवार हा तुमचा बेत त्यात बसतो. मोजणी घराची होते, माणसांची नाही. त्यामुळे तुमच्या दिरांचं सामानही तुमच्याच गराजमध्ये मांडलंत तर तो एकच सेल, पण 'पुढच्या महिन्यात त्यांच्या नावावर आणखी एक, मग आणखी एक' हे चालणार नाही. शेजारच्या शहरांत आकडे वेगळे, काही ठिकाणी परमिटच नाही. व्हॉट्सॅपवर फिरणारी यादी वाचून ठरवू नका, शहराच्या कोड कम्प्लायन्सला, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या खात्याला, फोन करा.

हा जाच वाटतो खरा, पण मला तो पटतो. मर्यादा नसती तर दर शनिवारी ड्राइव्हवेत दुकान थाटणारे प्रत्येक गल्लीत निघाले असते. म्हणूनच विकायचं ते आपल्या घरातलं, वापरलेलं. पुण्याहून विकण्यासाठीच आणलेले नवे कुर्ते नि साड्या टेबलावर ठेवल्यात तर तो व्यापार झाला, आणि रहिवासी भागात तो चालत नाही.

शहराच्या वर आणखी एक साहेब आहे: एचओए, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची असोसिएशन. शहराचं परमिट हातात असलं तरी असोसिएशनच्या करारात सेलला बंदी असू शकते, आणि हद्दीबाहेरच्या वसाहतींत तर खरं राज्य तिचंच असतं. पुष्कळ असोसिएशन वर्षातून एकदोनदा सगळ्या वसाहतीचा एकत्र सेल ठेवतात. तारीख जुळत असेल तर तोच धरा, गिऱ्हाईक आपोआप येतं. भाड्याच्या घरात असाल तर मालकाला आधी विचारा.

लोक अडकतात ते पाट्यांवरून. विजेच्या खांबावर, सिग्नलच्या खांबावर, रस्त्याच्या मधल्या पट्टीवर पाटी लावायची नाही. सार्वजनिक रस्त्याच्या हद्दीत पाटी लावायला टेक्ससच्या राज्य कायद्यानेच मनाई आहे, आणि खांबांवरच्या पाट्यांना शहर बंदी घालू शकतं हे सुप्रीम कोर्टाने 1984 मध्येच लॉस अँजेलिसच्या खटल्यात मान्य केलंय. पाटीवर तुमचा पत्ता मोठ्या अक्षरांत असतो, त्यामुळे 'आम्ही नाही लावली' म्हणायची सोय नाही. आपल्या अंगणात एक, आणि कोपऱ्यावरच्या घरवाल्यांना विचारून त्यांच्या अंगणात एक. पण त्यालाही शहराची संख्येची नि आकाराची मर्यादा असते, ती परमिटवर वाचा.

मुलं सरबत विकणार म्हणताय, तर खुशाल विकू दे. 2019 च्या कायद्याने टेक्ससमध्ये 18 वर्षांखालच्या मुलांना खासगी जागेत अधूनमधून सरबत विकायला शहर किंवा एचओए बंदी करू शकत नाही. कोकम सरबतही त्यात आलं. बटाटेवडे मात्र नाहीत.

सेल्स टॅक्सची धास्ती नको. स्वतःसाठी घेतलेल्या वस्तू विकून वर्षाला 3,000 डॉलरपर्यंत आले तर टेक्सस तो गोळा करायला लावत नाही. आयकराचंही तसंच: घेतल्या किमतीपेक्षा कमीत विकलं तर उत्पन्न नाही, आणि तो तोटा कुठे दाखवताही येत नाही. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तरी घरचं जुनं सामान विकणं ही नोकरी नव्हे; स्वस्तात घेऊन पुन्हा विकायला लागलात तर मात्र वकिलाला विचारा.

एका बाबतीत अजिबात ढिलाई नको, ती म्हणजे बाळाचं सामान. कंपनीने परत मागवलेली वस्तू विकणं 2008 च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे, घरगुती सेललाही सूट नाही. बाजू खाली सरकणारी क्रिब (बाळाचा कठड्यांचा पलंग) जून 2011 पासून विकता येत नाही, आणि तिरके झोपवायचे पाळणे 2022 च्या कायद्याने बंद झाले. कार सीटच्या बुडाशी मुदत छापलेली असते. ती संपली असेल तर फुकटही देऊ नका.

दुसऱ्या राज्यातल्या वाचकांसाठी दोन ओळी. कॅलिफोर्नियात 12 महिन्यांत दोनपेक्षा जास्त सेल केले तर सेलर्स परमिट (विक्रेत्याचा परवाना) काढावं लागतं. शिकागोत परमिट आपल्या वॉर्डच्या नगरसेवकाच्या ऑफिसातून मिळतं.

शेवटचं, तारखेबद्दल. डॅलस महानगरपालिका मोठा कचरा महिन्यातून एकदा, ठरलेल्या आठवड्यात उचलते. त्या आठवड्याच्या लगेच आधीचा शनिवार-रविवार धरा. न विकलेला सोफा उरलाच तर तो रस्त्याकडेला महिनाभर ठेवल्याबद्दल वेगळी नोटीस येणार नाही.