उलटवता येईल अशी कॉलर

"ताई, मी 54 वर्षांचा, राहायला चिंचवडला. नोकरी पक्की, कर्ज नाही. मार्गशीर्षात लेकीचा साखरपुडा. तिला 18,000 ची पैठणी घेताना हात आखडला नाही. मग बायकोने मला लक्ष्मी रोडला शर्टासाठी नेलं. एक अंगात घातला, बसलाही छान. किंमत वाचली, 2400, आणि काढून ठेवला. बाहेर येऊन 999 ला तीन घेतले. बायको घरी येईपर्यंत बोलली नाही. माझ्या वडिलांनी दोन शर्टांवर वर्षं काढली, कॉलर विरली की शिंप्याकडून उलटवून घ्यायचे. एका शर्टाला एवढे पैसे टाकायचे म्हणजे त्यांच्यापुढे उतमात केल्यासारखं वाटतं. मी चिक्कू आहे का?"

भाऊ, पैठणी घेतलीत ना, मग चिक्कू कसले? तुमचा हात फक्त स्वतःच्या बाबतीत आखडतो.

आधी तुमच्या आवडीचा विषय घेऊ, हिशेब. 2400 चा शर्ट आठवड्यातून एकदा घातला आणि तीन वर्षं टिकला, तर एका वेळचे साधारण साडेपंधरा रुपये पडतात. तुमचा 333 चा सहा महिने टिकला, तर पावणेतेरा. म्हणजे तुम्हीच जिंकलात, अडीचेक रुपयांनी! मी कागद-पेन घेऊन बसले तेव्हा आकडे माझ्या बाजूने बोलतील अशी खात्री होती. नाही बोलले. तेव्हा "महागडं शेवटी स्वस्तच पडतं" हे मी तुम्हाला सांगणार नाही.

पण तुमच्या पत्रातली ती कॉलर माझ्या डोक्यातून जाईना. आमच्याकडेही उलटवायचे. शिंपी ब्लेडने टीप उसवायचा, विरलेली बाजू खाली घालून पुन्हा शिवायचा, आणि शर्ट आणखी दोन दिवाळ्या काढायचा. आता मला सांगा, हे जमायचं कशामुळे? कॉलर विरली तरी पाठ-पोट धड असायचं म्हणून. कापड मुळात दमदार असायचं. तुमच्या त्या तिनांतला एखादा काही महिन्यांनी उलटवायला नेऊन बघा. कॉलर ताठ ठेवायला आत चिकटवलेला बकरम फुगे धरून बसलेला असेल, काखेत टीप सरकलेली असेल. शिंपी हसेल तुम्हाला. तुमच्या वडिलांनी स्वस्त शर्ट घेतले नव्हते भाऊ, थोडे घेतले होते. उतमात वाटायची असेलच, तर ती एकदम तीन घेण्यात वाटू दे.

तेव्हा काटकसर सोडू नका, तिला कामाला लावा. वांगी घेताना देठ बघता ना? तसा शर्ट आधी उलटा करा. आतला दाब, म्हणजे शिवणीबाहेरचं कापड, पुरेसा सोडलाय का, टीप बारीक आणि सरळ आहे का, चौकडा असेल तर खिशावरची रेघ खालच्या रेघेला जुळते का, काजातून दोरे लोंबतायत का. कापड मुठीत चुरगळा, उजेडासमोर धरा. किंमतीची चिठ्ठी शेवटी बघा. 2400 च्या शर्टातही खोट निघू शकते, तेव्हा खुशाल परत ठेवा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. (साडीच्या दुकानात आम्ही गठ्ठेच्या गठ्ठे उलगडायला लावतो. पुरुषांनाच कसली एवढी भीड!)

तुमच्या जागी मी असते तर तयार शर्ट घेतलाच नसता. चांगलं सुती कापड घ्या. मोठ्या पन्ह्याचं असेल तर बेताच्या अंगाला 1.60 मीटर पुरतं, तुम्ही थोडं जास्त घ्या. शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटेल आणि मला शिव्या द्याल. माप द्यायला स्वतः जा, जुना शर्ट "यासारखा शिवा" म्हणून पाठवू नका. तो शिवला तेव्हाचं पोट आता राहिलेलं नाही.

आणि आला की साखरपुड्यासाठी कपाटात ठेवू नका. पुढच्या मंगळवारी ऑफिसला घाला, डबा खाताना भाजीचा डाग पडू दे. कार्यात पहिल्यांदा घातलात तर दिवसभर पाहुण्यांपेक्षा शर्टच सांभाळत बसाल.

बायकोला बरोबर न्या, रंग तिला ठरवू दे. तिचा अबोला एवढ्यावर सुटेल असा माझा अंदाज आहे.

शिंप्याकडून चिंध्यांसकट उरलेलं कापड मागून घ्या. कॉलरीला लागेल.