बाटलीबंद बिअरला दोन आठवडे द्या

घरी केलेली तुमची पहिली पेल एल, म्हणजे फिकट रंगाची बिअर, आंबून तयार होत आली, याचा मनापासून आनंद वाटला. पण बाटल्या भरण्याची घाई करू नका. बुडबुडे थांबले म्हणजे आंबणे संपलेच असे नसते, म्हणून हायड्रोमीटरवर (द्रवाची घनता मोजून उरलेल्या साखरेचा अंदाज देणाऱ्या उपकरणावर) लागोपाठ ३ दिवस तोच आकडा येईपर्यंत थांबा, कारण उरलेली साखर बंद बाटलीत आंबत राहिली तर दाब वाढून काच फुटते. इंग्लंडमधल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात कपाटातली एक बाटली रात्री फुटली आणि काचेचा तुकडा लाकडी फळीत रुतलेला सकाळी दिसला. तेव्हापासून मी जाड काचेच्या, बिअरच्याच बाटल्या वापरतो.

आंबणे संपल्यावर, बाटलीत हवा तेवढाच वायू धरावा म्हणून मोजकी साखर घालायची: २० लिटरला साधारण १२० ग्रॅम साखर थोड्या पाण्यात उकळून, निववून, निर्जंतुक भांड्याच्या तळाशी ओता आणि नळीने बिअर त्यावर न खळखळता सोडा, म्हणजे तिच्यात हवा मिसळत नाही. मग भरलेल्या बाटल्या २० अंश सेल्सिअसच्या आसपास, अंधारात, दोन आठवडे उभ्या ठेवा. थंड गॅरेजमध्ये यीस्ट मंदावते आणि बिअर मिळमिळीत राहते. एक बाटली शीतपेयाची, प्लास्टिकची भरा. ती दाबून टणक लागली की वायू धरला असे समजावे.