बढतीला ‘हो’ म्हणण्याआधी

पत्र : माझा मुलगा २९ वर्षांचा आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून सहा वर्षं चिंचोली एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात लूम (यंत्रमाग) मेंटेनन्सला आहे. पगार २०,४०० रुपये, ओव्हरटाइम वेगळा. आता मालक त्याला विणाई खात्याचा सहायक व्यवस्थापक करायला तयार आहेत, पगार २६,०००. पण हा टाळाटाळ करतोय. मी जन्मभर मिलमध्ये कामगार म्हणून राबलो. पोरगं साहेब व्हावं एवढीच इच्छा. त्याची समजूत कशी घालू? – एक पालक, सोलापूर

उत्तर :

नमस्कार. तुमची इच्छा मनापासूनची आहे आणि ती मला पटते. तरीही समजूत घालायची घाई करू नका. मुलगा चाचरतोय त्याला कारण असणार, आणि ते आधी कागदावर आकडे मांडून तपासता येतं.

आजचा पगार २६ दिवस आणि ८ तासांनी भागला तर तासाला साधारण ९८ रुपये पडतात. ओव्हरटाइम दुप्पट दराने, म्हणजे १९६. महिन्याला २४ तास ओव्हरटाइम धरला तर ४,७०० रुपये होतात आणि एकूण पगार २५,१०० वर जातो. त्यातून पीएफचे १,८०० (मूळ वेतन १५,००० धरून), ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा योजना) पाऊण टक्क्याने १८८ आणि व्यवसाय कराचे २०० वजा केले की हातात सुमारे २२,९०० पडतात. बढतीनंतर ओव्हरटाइम बंद, पण थांबावं मात्र लागतं. २६,००० मधून पीएफ आणि व्यवसाय कर गेला की उरतात २४,०००. बोलताना ५,६०० ची वाढ वाटते, खिशात येते ती ११०० ची. मी ओव्हरटाइमचे तास अंदाजाने धरलेत. मागच्या सहा महिन्यांच्या पगारपत्रकांवरून खरा आकडा काढा.

त्यातही ईएसआयचा मुद्दा बहुतेक घरांत राहून जातो. ईएसआयची पगाराची मर्यादा २१,००० आहे आणि ती पाहताना ओव्हरटाइम धरत नाहीत, म्हणून आज तो योजनेत आहे. २६,००० झाले की बाहेर. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे दोन काळ असतात, मध्येच पगार वाढला तर त्या काळाच्या अखेरपर्यंत वर्गणी चालू राहते. पुढे काय? तुम्ही दोघं त्याच्यावर अवलंबून असाल आणि बीपी-शुगरच्या गोळ्या ईएसआयच्या दवाखान्यातून येत असतील, तर तो खर्च घरावर येईल. आरोग्य विम्याला वर्षाला २४,००० पडले असं समजा. महिन्याचे २,००० झाले, म्हणजे बढती घेऊन घर तोट्यात. म्हणून कंपनीने आईवडिलांसह गट विमा द्यावा, नाहीतर पगार २८,५०० च्या आसपास ठरवावा, हे मागणं अजिबात अवाजवी नाही.

पैशाचं जमलं तरी खरा प्रश्न कामाचा आहे. आज लूम बंद पडला की तो पाना घेऊन वाकतो आणि लूम चालू झाला की त्याचं काम संपतं. उद्या त्याने तसं वाकायचं नाही. चांगल्या फिटरचा वाईट व्यवस्थापक होतो तो इथेच : एका लूमपाशी तासभर रमला की पलीकडचे चार लूम बीम (ताण्याचं, म्हणजे उभं सूत गुंडाळलेला रूळ) संपून उभे राहतात. टेरीला, म्हणजे टॉवेलच्या कापडाला, पाइल (वरचे फासे) आणि ग्राउंड (खालचं कापड) असे दोन बीम, त्यात पाइलचं सूत कितीतरी जास्त खपतं. कुठल्या लूमचा बीम कुठल्या पाळीत संपणार आणि गाठणीला (नव्या बीमचं सूत जुन्याला जोडायला) माणूस आहे का, हे आदल्या पाळीतच बघणं हे त्याचं नवं काम. जानेवारीत गड्डा यात्रा, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ, लग्नसराई. या दिवसांत पाळी कशी भरायची? कालपर्यंत ज्याच्याबरोबर डबा खाल्ला त्यालाच रजा नाकारावी लागेल. आपल्याकडे विणकरांत तेलुगू बोलणारे पुष्कळ. त्याला तेलुगू येत असेल तर अर्धं भांडण आधीच मिटतं, नसेल तर शिकायला लागावं.

अधिकाराबद्दल स्पष्ट विचारायला हवं. लूमची कार्यक्षमता घसरली तर जाब त्याला विचारणार. पण सूत हलकं आलं आणि ताणा सारखा तुटला तर ते सूत परत पाठवायचा अधिकार कुणाचा? बदली कामगार बोलावणं, रजा मंजूर करणं, किरकोळ सुटे भाग घेणं, यातलं त्याच्या हातात काय? आणि फिटरची त्याची जागा कोण भरणार? ती भरली नाही तर तो एका पगारात दोन्ही कामं करत बसेल. छोट्या कारखान्यांत हे सर्रास होतं.

माझं मत असं, की आहे त्या अटींवर बढती घेऊ नये, पण नाकारूही नये. आठ दिवसांची मुदत मागून त्याने मालकांना भेटावं आणि तीन गोष्टी लेखी मागाव्यात : विमा किंवा वाढीव पगार, अधिकारांची यादी, आणि तीन महिने काम करून पाहण्याची मुभा, जमलं नाही तर मूळ जागी, मूळ पगारावर परत. मुदतीची तारीख पत्रात हवीच, नाहीतर ‘प्रभारी’ म्हणून वर्ष निघून जातं. नोटिशीचा काळही लिहून घ्यावा. औद्योगिक संबंध संहितेत देखरेखीचं काम करणारा, १८,००० हून जास्त वेतनाचा माणूस ‘कामगार’ धरला जात नाही. कामगार म्हणून मिळणारं कायद्याचं संरक्षण सुटल्यावर नेमणूकपत्रातला शब्दच कामाला येतो.

अधिकार आणि चाचणीचा काळ मिळाला, तर पगारात थोडं कमी मिळालं तरी सोसून घ्यावं असं मी म्हणेन. पहिल्या आठवड्यापासून त्याने एक वही ठेवावी : लूम किती मिनिटं बंद, कशामुळे, ताणा, बाणा (आडवं सूत), बीम, बिघाड की लाइट. महिनाभरात कुठे हात घालायचा ते आपोआप दिसेल. एमबीएची घाई नको, त्याआधी एक्सेल नीट यावं.

आणि सगळं ऐकून ‘मला मशीनच आवडतं’ असं तो म्हणाला, तर त्याला मागे पडलेला समजू नका. मग त्याने मालकांकडे मेंटेनन्स इन्चार्जचं पद आणि इलेक्ट्रॉनिक जॅकार्डचं (नक्षी विणणाऱ्या यंत्रणेचं) प्रशिक्षण मागावं. तुम्ही त्याला एवढंच विचारा, की कामाची भीती वाटते की ते काम नकोच आहे? भीती असेल तर तीन महिन्यांत जाईल. नकोच असेल तर निर्णय त्याचा, आणि मालकांना तो त्यानेच सांगावा, तुम्ही नाही.